रांझीत वाट सोडायची नाही

नाशिक रोडच्या फलाटावर हमालानं माझी पिशवी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "ताई, गाद्या भरल्यात का यात?" त्याचं फारसं चुकलं नव्हतं. पिशवीत हॉकीच्या गोलकीपरचे दोन पॅड होते आणि उरलेल्या जागेत माझे चार कपडे कोंबलेले होते. औषधांच्या कारखान्यात दिवसभर बाटल्या तपासणारी तीस वर्षांची बाई नऊ वर्षांनी जबलपूरला गोलात उभं राहायला निघाली होती. घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं, पण अडवलं कुणी नाही.

निघण्याचं कारण फोनमधले दोन निरोप. पहिला बल्लीचा: "रविवारी मॅच आहे. नंदू खेळणार नाही, त्याला प्रमुख पाहुणा केलं आहे. तू ये, त्याला बरं वाटेल." दुसरा तासाभरानं आलेला, नंदूचा: "रविवारी मी खेळून राहिलो. गोलात तूच पाहिजे. बल्लीचं ऐकू नको."

हे दोघं कोण ते आधी सांगते. जबलपूरचे मराठी लोक म्हटले की इकडच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर पिढ्यानपिढ्या तिथं राहिलेले वकील, प्राध्यापक आणि विजय नगरातले त्यांचे बंगले येतात. आम्ही त्यातले नव्हे. आम्ही रांझीचे, शहराच्या पूर्वेला असलेल्या कामगार वस्तीतले. आमचे तिघांचेही वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. सकाळी भोंगा झाला की सायकलींचा लोंढा गेटाकडे जायचा आणि संध्याकाळी तोच परत यायचा. नंदू, बल्ली आणि मी एकाच लायनीतल्या क्वार्टरमध्ये वाढलो. गोलात उभं राहायला पोरं तयार नसायची, म्हणून मला उभं केलं. नंदू माझ्या पुढे बॅक खेळायचा आणि बल्ली त्याच्या पुढे. पुढे मी नाशिकला आले, बल्ली वडिलांच्या कारखान्यात लागला आणि नंदू तोफखान्यात गेला.

दीड वर्षापूर्वी सरहद्दीवर काही दिवस तोफा चालल्या. टीव्हीवाल्यांनी त्या अशा दाखवल्या की मध्येच कुणी स्कोअर विचारेल की काय असं वाटावं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, ज्यांनी दिवाळीत सुतळी बाँब कधी लांबूनही पेटवला नाही, ते "आता थांबायचं नाही" म्हणून लिहीत होते. मी एकदाच उत्तर दिलं: "तुमच्या घरातून कोण जातंय ते आधी सांगा." तेव्हापासून मला सोसायटीत चहाला बोलावणं बंद झालं. बरंच झालं, तो चहा पाणचट असायचा.

त्याच दिवसांत समोरून आलेला एक गोळा नंदूच्या तोफेजवळ पडला. त्याच्याबरोबरचे दोघं जागीच गेले. नंदू वाचला. डावा कान पूर्ण गेला आणि उजव्यात, यंत्र लावलं तर, थोडी खरखर उरली. ही बातमी कळल्यापासून मी त्याला एकदाही फोन केला नव्हता. त्याला ऐकूच येत नाही तर फोन करून काय उपयोग, असं मी स्वतःला सांगत होते. सबब फार सोयीची होती. ती मी दीड वर्ष वापरली.

गाडीत जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि खिडकीबाहेर जानेवारीचं धुकं शेतांवर पसरलं होतं. नरसिंहपूरला एक म्हातारी चढली. जबलपूरला लेकीकडे चालली होती. मांडीवर मटारानं भरलेली पिशवी. या दिवसांत जबलपूरच्या आसपास जिकडे बघाल तिकडे मटार असतो. टेम्पोत, सायकलवर, बायकांच्या ओच्यात. तिनं मला मूठभर शेंगा दिल्या आणि माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"इसमें का है, बिटिया?"

"हॉकी का सामान, अम्मा. मैच खेलने जा रही हूँ."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तो खाओ. दुबली-पतली से कौन डरेगा!" नर्मदेचा पूल आला तसा तिनं खिडकीतून नाणं टाकलं, "नर्मदे हर" म्हणून हात जोडले आणि मलाही जोडायला लावले. पाणी संथ होतं आणि धुक्यामुळे दुसरा काठ दिसत नव्हता. मी काय मागितलं ते सांगत नाही, पण हॉकीतला विजय नक्कीच मागितला नाही.

स्टेशनवर बल्ली स्कूटर घेऊन उभा होता. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं, पण अंगात तोच सुती शर्ट आणि पायांत बिनखिळ्यांचे बूट. तो गोळ्यांत दारू भरण्याच्या विभागात काम करतो. तिथं आत जाताना काडेपेटी, विडी, मोबाइल, किल्ल्या, सगळं गेटावर काढून ठेवावं लागतं. ठिणगी पडली तर काय होईल, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे या लोकांना एक सवय जडते. कुठल्याही दारातून आत शिरताना हात आपोआप दोन्ही खिसे चाचपतात. माझे बाबा लग्नाच्या हॉलमध्ये शिरतानासुद्धा चाचपायचे. बल्लीचं त्याहून पुढे गेलं आहे. तो अडचणीत सापडला की दार नसतानाही खिसे चाचपतो.

"नंदूला समजाव," स्कूटर सुरू करायच्या आधीच तो म्हणाला आणि त्यानं खिसे चाचपले. "तुझं ऐकते तो."

"त्यानं मला तुझं ऐकू नको म्हणून लिहिलंय."

"हे बघ! असाच करून राहिला तो. डोकंच फिरलं त्याचं."

घमापूर, काँचघर करत आम्ही रांझीत शिरलो. बाजाराच्या तोंडावर मोठं होर्डिंग होतं. वर्दीतला नंदू एका कोपऱ्यात, हात जोडलेले तिथले पुढारी भैयाजी त्याच्या दुप्पट आकाराचे, आणि खाली "रांझी का वीर सपूत". केबलची एक काळी वायर नेमकी नंदूच्या नाकावरून गेली होती. मला इतका संताप आला की मी बल्लीला स्कूटर थांबवायला लावली. भैयाजींचा कान गेला नव्हता. मग त्यांचा चेहरा एवढा मोठा कशासाठी?

"फोटो मीच दिला," बल्ली हळूच म्हणाला.

नंदूच्या अंगणात काकू, म्हणजे त्याची आई, उन्हात बसून मटार सोलत होत्या. "आली का गं! काहून एवढी वाळली? नाशकात जेवायला नाही देत का?" असं म्हणत त्यांनी मलाही टोपलीपाशी बसवलं. नंदू अंगणाच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून स्टिकला टेप गुंडाळत होता. मी हाक मारली. दुसऱ्यांदा जोरात मारली. तो वळला नाही. आयुष्यभर माझ्या एका हाकेवर वळणारा माणूस होता तो.

काकूंनी टोपलीतली एक शेंग उचलली, नेम धरला आणि त्याच्या पाठीत हाणली. नंदू वळला. "घरात हेच चालते आता," काकू म्हणाल्या. "हंगाम संपला की काय फेकू, बटाटे?"

नंदू आला, समोर उकिडवा बसला. मी मोठ्या आवाजात, शब्द तोडून तोडून बोलायला लागले. त्यानं हात वर केला.

"ओरडू नको. तोंड दिसू दे. ओठ पाहून समजते मला." त्याचा स्वतःचा आवाज मात्र गरजेपेक्षा बराच मोठा होता. "फोन काहून नाही केला?"

"तुला ऐकू..."

"व्हिडिओ असते ना त्यात," तो म्हणाला. मी मटार सोलत राहिले.

दुपारी जेवायला मटाराची उसळ, मंगोडे (मुगाच्या डाळीची भजी) आणि भाकऱ्या होत्या. घरात जिथं तिथं शाली. एक शिलाई मशीनवर, एक टीव्हीवर, एक पाण्याच्या टाकीवर. सत्काराच्या अकरा शाली, काकूंनी हिशेब सांगितला, आणि नारळांच्या तर वड्या करून लायनीत वाटल्या.

"बारावी परवा आहे," नंदू म्हणाला. "स्टेजवर खुर्ची टाकून राहिले माझ्यासाठी. हार घालून बसवणार. हार फोटोला घालते, चित्रा. मी जिता आहो ना अजून?"

बल्ली मध्ये पडला, नंदूला दिसेल असा समोर येऊन. "अरे, बॉल मागून आला तर? शिट्टी ऐकू नाही आली तर? डोक्यात लागलं तर?"

"तर लागेल."

"म्हणजे काय, लागेल?"

"म्हणजे लागेल! पहिले नव्हतं लागत का?" नंदू ताट घेऊन उठला. जाताना काकूंनी त्याच्या ताटात आणखी एक मंगोडा टाकला. कौल कुणाच्या बाजूनं आहे ते मला कळलं.

या सामन्याची गंमत सांगायला हवी. दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी आमची लायन विरुद्ध रेल्वे कॉलनी. रेल्वेवाले आमच्यापेक्षा नेहमीच सरस. आमच्याकडे एकच हत्यार होतं, मराठी. एरवी आम्ही पोरं घराबाहेर मराठी बोलायला लाजायचो, शाळेत, बाजारात सगळं हिंदी. पण मैदानावर आम्ही फक्त मराठीत ओरडायचो, कारण रेल्वेवाल्यांना ती समजायची नाही. आमच्या टीममधल्या सरदाराच्या आणि बंगाल्याच्या पोरांनीही पंधरा-वीस मराठी शब्द पाठ केले होते. डावी, उजवी, सोड, फिर, दाब. आणि सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य माझं होतं: "मागे आहे!" याचा अर्थ, गोल मी सांभाळते, तू खुशाल पुढे जा. मी ते ओरडले की नंदू वळूनही न बघता बॉल घेऊन सुटायचा.

शनिवारी सकाळी बल्ली मला जिलबी खायला म्हणून घेऊन निघाला. खोवा जलेबी (खव्याची काळपट, जाड जिलबी) ही जबलपूरची खरी ओळख. संगमरवरी खडक लोक एकदा पाहतात, ही रोज खातात. खाऊन झाल्यावर मात्र स्कूटर रेल्वे कॉलनीकडे वळली. तिथं सॅमीचं घर होतं. सॅमी रेल्वेवाल्यांचा कॅप्टन आणि सेंटर फॉरवर्ड, इंजिनावर सहायक. सहा फूट उंच. लहानपणी त्यानं माझा एक दात पाडला होता, तो अजून अभिमानानं सांगतो.

बल्लीनं आत शिरताना खिसे चाचपले आणि एका दमात सांगून टाकलं: नंदू ऐकत नाही, उद्या खेळणारच. तेव्हा तुमच्या पोरांनी त्याला अडवू नये, धक्का देऊ नये, जमलं तर एक गोल मारू द्यावा. लोक बघायला येणार आहेत, सगळ्यांनाच बरं वाटेल.

सॅमी म्हणाला, "मैच है कि भंडारा? बाँटते फिरें?"

"भैया, समझो ना."

"उसको पता है?"

"नहीं."

सॅमीनं माझ्याकडे पाहिलं. "तुम क्या बोलती हो?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. खरं सांगते, शब्द तोंडात आले होते. पण अंगणात पाठमोरा बसलेला, हाकेला न वळणारा नंदू मला दिसला आणि मी मान खाली घातली. सॅमीनं खांदे उडवले. "ठीक है. तुम लोगों का दोस्त है."

परत येताना वाटेत बल्लीनं स्कूटर थांबवली. रस्त्याच्या कडेला, मटाराच्या पोत्यांच्या ढिगापाशी.

"त्या दिवसांत आमची सुट्टी बंद होती," तो म्हणाला. "डबल शिफ्ट. मी इथं भरत होतो अन् तो तिथं डागत होता. मी रोज घरी येऊन गरम जेवत होतो, चित्रा. माझ्या अंगावर एक ओरखडा नाही. अन् त्याला आता सॅमीची स्टिक लागताना मी पाहू? नाही पाहवत मला."

माझ्या अंगावर तर त्या कारखान्याची धूळसुद्धा नव्हती. आम्ही दोघांनी आपापली टोचणी शांत करायला नंदूचा सामना विकून टाकला होता, आणि त्याला विचारायचं आमच्या मनातही आलं नव्हतं.

रविवारी ऊन छान पडलं होतं. मैदान तेच मुरमाचं, खडे तेच. एका बाजूला मंडप, गालिचा, भैयाजी, आणि मधोमध हार घातलेली रिकामी खुर्ची. नंदू हाफ पँटमध्ये, हातात स्टिक घेऊन आला तेव्हा माइकवरचा माणूस गडबडला. भैयाजी स्वतः उठले. "आइए, आइए, मंच पर आइए."

"पहले मैच," नंदू म्हणाला आणि कानातलं यंत्र काढून काकूंकडे दिलं. काकूंनी ते पदराला बांधलं. मग मंडपातून बारावी शाल उचलून त्यांनी मैदानाच्या कडेला अंथरली आणि तिच्यावर फतकल मारून बसल्या.

अंपायर होते आमचे शाळेतले पी.टी.चे मास्टरजी, सत्तरीचे. शिट्टी झाली. पाचच मिनिटांत रेल्वेवाल्यांनी उजवीकडून येऊन एक गोल केला. पोरगा डावीकडे वळताना मला दिसला होता आणि मी सवयीनं "नंदू, डावी!" म्हणून घसा फोडला होता. तो अर्थातच दुसरीकडे धावला. दीड वर्ष टाळलेली गोष्ट मला त्या क्षणी समजली. मी त्याच्या मागे उभी होते, आणि माझं तोंड त्याला दिसू शकत नव्हतं.

त्यानंतर विचित्र प्रकार सुरू झाला. नंदूकडे बॉल गेला की समोरचा थांबायचा. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी नंदूनं बॉल घेतला आणि पळायचं सोडून चक्क चालायला लागला. मैदानाच्या मधून, बाजारात निघाल्यासारखा. रेल्वेची पोरं बाजूला होत गेली. लोक टाळ्या वाजवत होते, माइकवाला "वीर सपूत, वीर सपूत" करत होता. नंदू गोलासमोरच्या डीमध्ये पोचला. त्यांचा गोलकीपर एक पाऊल बाजूला सरकला. अख्खा गोल मोकळा.

नंदू थांबला. वाकला आणि त्यानं बॉल हातात उचलला.

टाळ्या बंद झाल्या. तो सॅमीकडे वळला. "किसने बोला तुमको?"

सॅमी स्टिकनं खडे ढकलत राहिला. नंदूनं मग आमच्या पोरांवरून एकेक करून नजर फिरवली. बल्ली मैदानाच्या मध्यावर उभा होता आणि हाफ पँटचे खिसे चाचपत होता. एकदा, दोनदा, पुन्हा. नंदू त्याच्या हातांकडे बघत राहिला. मग त्यानं मान उचलली आणि एवढ्या लांबून सरळ माझ्याकडे पाहिलं.

ओरडून उपयोग नव्हता. मी उजवा हात पुरता वर केला, शाळेत गुन्हा कबूल करताना करतात तसा. हो, मीपण होते.

त्यानं मला काय म्हटलं ते छापता येणार नाही. नंतर तो सगळ्या मैदानाकडे तोंड करून बोलला. त्याचा आवाज आता त्याच्या ताब्यात नसतो, त्यामुळे ते मंडपातही गेलं आणि रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंतही गेलं.

"वहाँ किसी ने रास्ता नहीं दिया मुझको. दो दोस्त चले गए, रास्ता नहीं दिया. यहाँ तुम लोग काहे दे रहे हो? मर गया क्या मैं?"

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी ओरडून वाहवा करावीशी वाटत होती. तेवढ्यात मास्टरजी लगबगीनं आले, नंदूच्या समोर, त्याला तोंड दिसेल असे उभे राहिले आणि शिट्टी वाजवून हात लांब केला. "बॉल हाथ से उठाया. फाउल. रेल्वे की फ्री हिट."

नंदूचा चेहरा असा खुलला, जणू त्याला पदकच मिळालं. त्यानं बॉल सॅमीकडे टाकला. "फिर से. इस बार मारना."

"मारूँगा," सॅमी म्हणाला. त्याच्याही खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं.

आणि मारलं त्यानं. दुसऱ्या हाफमध्ये पहिल्याच धडकेत नंदू मुरमावर चार हात घसरत गेला, गुडघा सोलून निघाला. बल्ली धावला. नंदूनं स्टिक उगारून त्याला परत पाठवलं. "तू तुझं पाह्य! तिकडे मोकळा सोडला ना माणूस!" बल्ली वळला आणि त्यानंतर तो असा खेळला, जसा मी त्याला दहावीनंतर खेळताना पाहिलं नव्हतं. वीसेक मिनिटांनी त्यानंच आमचा गोल केला.

माझ्यापुढे प्रश्न उरलाच होता. सॅमी पुन्हा चाल करून येत होता, डावीकडे झुकत होता आणि मधल्या गर्दीमुळे नंदूला ते दिसत नव्हतं. मला काकूंची शेंग आठवली. मी खाली वाकून मूठभर खडे घेतले आणि एक नंदूच्या डाव्या पायाजवळ फेकला. खडा घरंगळत त्याच्या पुढे गेला. तो क्षणभरही थांबला नाही. डावीकडे झेपावला आणि सॅमीच्या स्टिकवरून बॉल काढून घेतला.

"ये क्या है?" सॅमी ओरडला. "अंपायर! पत्थर मार रही है!"

मास्टरजींनी डोकं खाजवलं. "उसी के आदमी को मार रही है. तुमको क्या तकलीफ?"

कडेला काकू शालीवर उठून उभ्या राहिल्या होत्या. "मार, चित्रा, मार!" त्या दिवशी मी माझ्या जिवलग मित्राला निदान तीस खडे मारले असतील. चार-पाच पाठीत बसले. सामना आम्ही हरलो, एक विरुद्ध दोन. शेवटचा गोल सॅमीनं नंदूला खरोखर चकवून आणि मला खरोखर लोळवून केला. नंदू मुरमावर उताणा पडून हसत होता. सॅमीनं त्याला हात देऊन उठवलं आणि दोघं तसेच, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून मंडपासमोरून निघून गेले. भैयाजी हार घेऊन उभे होते. शेवटी तो त्यांनी मास्टरजींना घातला.

बल्ली संध्याकाळपर्यंत नंदूच्या समोर आला नाही. अंधार पडायच्या आधी आला, अंगणाच्या दारात उभा राहिला आणि हात खिशांकडे गेले. नंदूनं मटाराची शेंग मारली ती नेमकी त्याच्या छातीवर. "ये आत. गेट नाही हे." बल्ली आला आणि रडला. नंदूनं त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "तू भरलेले गोळे चांगले होते. एक नाही फसला. आता ते होर्डिंग उतरवून आण."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं जाऊन ते उतरवलं. म्हणजे शिडीवर बल्ली, खाली शिडी धरून मी, आणि रस्त्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना नंदू सांगत होता, "मेरा ही फोटो है, मैं ही उतार रहा हूँ." कापड मजबूत होतं. काकूंनी ते पावसाळ्यात छपरावर टाकायला ठेवलं आहे, भैयाजी खाली आणि उलटे.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं मी परत निघाले. पॅडमध्ये मुरूम भरला होता, नडगी टम्म सुजली होती, शेजारी काकूंनी दिलेला पाच किलो मटार. लोक मला विचारतात, लढाई बघून आलेला माणूस बदलतो का. बदलतो. पण माझ्या डोळ्यांदेखत जास्त बदललो होतो आम्ही, न गेलेले. आम्ही त्याच्याशी हळू बोलायला लागलो, त्याच्या वाटेतून बाजूला व्हायला लागलो, आणि या वागण्याला माया म्हणायला लागलो. नंदूला ती नको होती. त्याला सॅमीची धडक हवी होती आणि ती त्यानं मागून घेतली.

नर्मदेचा पूल आला तेव्हा फोन वाजला. व्हिडिओ. नंदूनं आधी आपला सोललेला गुडघा दाखवला, मग तोंड. मी सवयीनं मोठ्यानं "हॅलो" म्हटलं आणि अख्खा डबा माझ्याकडे बघायला लागला. मी फोन खिडकीच्या उजेडात धरला, चेहरा त्याच्यासमोर नीट आणला आणि आवाज अजिबात न काढता, फक्त ओठांनी सांगितलं: मागे आहे.

तिकडून रांझीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात उत्तर आलं.

"दिसलं गं, दिसलं!"